सुरीचं स्थळ

आमच्या भोरच्या गल्लीतले हिरामणदादा वस्तू विकत घेत नाहीत, वस्तू बघायला जातात. साधी आंघोळीची बादली घ्यायची असली तरी इस्त्रीचा सदरा घालतात, केसांना पाणी लावून भांग पाडतात आणि शेजारची दोन माणसं बरोबर घेतात. दुकानात गेल्यावर आधी बसतात. चहा आला तर घेतात. मग बादलीचा तळ बघतात, कान बघतात, चार प्रश्न विचारतात आणि उठताना दुकानदाराला हात जोडून म्हणतात, "घरी इचार करून कळवतो." नव्या दुकानदाराला वाटतं, हा माणूस चेष्टा करतोय. जुन्यांना माहीत आहे, की खरंच दोन-चार दिवसांनी निरोप येतो आणि तो बहुतेक नकाराचाच असतो. "बादली चांगली हाय, पन योग न्हाई."

त्यांच्या बोलण्यातही सगळा लग्नाचाच मामला. वस्तू म्हणजे स्थळ. कंपनी म्हणजे घराणं. वॉरंटी म्हणजे मुलीच्या बापानं दिलेला शब्द, "देताना तोंड भरून देत्यात, नड आली की फोन उचलत न्हाईत." छत्री बघून आले तर सांगणार, "तशी गुणाची हाय, पन जरा वारं लागलं की उलटून बोलती." मी हसून हसून मरते. आणि गंमत म्हणजे हा माणूस स्वतः बिनलग्नाचा! मी एकदा तोंडावरच विचारलं, "दादा, एवढी स्थळं बघता, स्वतःचं का नाही बघितलंत?"

"आधी बहिनीचं, मंग आपलं, असा नेम व्हता, बाई," ते म्हणाले. "बहिनीचं बगितलं, आन् बगायची हौसच फिटली." आणि चष्मा काढून पुसत बसले.

मला अख्खं भोर 'बाई' म्हणतं, माझ्याहून मोठी माणसंसुद्धा. झेडपीच्या शाळेत जन्म गेला, त्याचं हे पेन्शन. दादांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. स्वभाव मात्र दोन टोकं. मी बाजारात दिसेल ती पहिली मेथीची जुडी उचलते आणि चालू लागते. किडकी निघाली तर नवऱ्यानं निवडावी, त्याला तरी दुसरा काय उद्योग आहे! त्यामुळं दादांचं हे बघणं-कळवणं माझ्या डोक्यात जातं.

दादा एसटीत कंट्रोलर होते. स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारायचे. रिटायर झाले, पण आवाज काही रिटायर झाला नाही. सकाळी भिंतीपलीकडून ऐकू येतं, "इंदे, चा कुठवर आला? फलाटावर लाव लवकर." आणि त्यावर इंदूचं हसू, जे तिसऱ्या घरापर्यंत जातं.

इंदू म्हणजे त्यांची धाकटी बहीण. लग्न होऊन गेली आणि तीन-चार वर्षांत परत आली, त्याला आता कितीतरी वर्षं झाली. तेव्हापासून बहीणभाऊ एकत्र. तिनं कॉलेजच्या पोरांचे डबे केले, लग्नाकार्यात भाकऱ्या थापल्या, कुणापुढं हात पसरला नाही. पंचेचाळिशी उलटली तरी पायाला भिंगरी. दादांनी एक काम काढावं आणि इंदूनं ते करून मोकळं व्हावं, असं त्या घराचं चालतं.

यंदा थंडीच्या तोंडावर तिच्या डोक्यात तंबू आले. त्यांचं मूळ गाव वेल्ह्याच्या पलीकडं, पानशेतच्या पाण्याच्या अंगाला. तिथला एक तुकडा दादांनी मागंच तिच्या नावावर केला होता. त्यावर गवताशिवाय काही उगवायचं नाही. इंदू म्हणाली, "बाई, पुन्याची मानसं शनवार-रविवारी तिकडं नुसती हवा खाया येत्यात आन् त्याचं पैसं देत्यात. मंग हवा म्या का इकू नये?" तिनं चार तंबू आणले, चूल मांडली, शेजारच्या वस्तीवरच्या तानूबाईला सोबतीला तयार केलं. चुलीवरचा कोंबडीचा रस्सा, तांदळाची भाकरी, पुढं शेकोटी. पहिलं बुकिंगसुद्धा आलं, पुण्यातल्या कुठल्याशा ऑफिसातल्या दहा जणांचं, महिन्याभरानंतरच्या एका शनिवारच्या मुक्कामाचं. पोरगी नुसती हवेत होती.

आणि तेवढ्यात चाकू मिटला. तिच्याकडं एक घडीचा चाकू होता. तंबूची खुंटी तासताना तो मध्येच मिटला आणि तिच्या बोटावर बसला. फार काही लागलं नाही, हळद दाबली की थांबलं. पण ते दादांनी बघितलं. झालं!

"मिटनारं पातं आता ह्या घरात नगं," त्यांनी जाहीर केलं. "कंबरंला लावायची, न मिटनारी, एकसंध सुरी पायजे. दोर कापाय, खुंटी तासाय, जळन फोडाय. आन् रानात रातीचं बाईमानसाच्या हाताशी कायतरी असावं. अशी सुरी मिळाल्याबिगर तू तिथं एक रात बी ऱ्हायची न्हाई. आन् सुरी मी बगनार."

"त्यापेक्षा कोयता न्या की," मी म्हटलं.

"कोयत्यानं टमाटं चिरून बगा, बाई."

"मग विळी?"

"इळी कंबरंला बांधून हिंडंल व्हय ती?" दादा म्हणाले.

इंदूनं हसत हसत अट कबूल केली आणि आपली एक वर चढवली. सुरीची किंमत एका तंबूच्या एका रात्रीच्या भाड्यापेक्षा जास्त नको. कबूल करताना तिला वाटलं असेल, एक सुरीच तर आहे. मी मात्र कपाळाला हात लावला. सुरी पसंत पडली नाही तर मुक्काम नाही, मुक्काम नाही तर तंबू कसले आणि पाहुणे कसले? इंदूचा सगळा डाव एका अशा माणसाच्या होकारावर अडला, ज्यानं अजून बादलीलाही होकार दिलेला नाही.

पहिलं स्थळ आठवडी बाजारात निघालं. भांग पाडून दादा पुढं, मागं आम्ही दोघी. कोयते-खुरपी विकणारी एक बाई गोणपाटावर माल मांडून बसली होती. दादा तिच्यापुढं उकिडवे बसले आणि एक सुरी दोन्ही हातांनी उचलली.

"पोलाद कुठलं?"

"ट्रकच्या पाट्याचं."

"घरानं चांगलं हाय," दादा वळून मला म्हणाले. मग पुन्हा तिला, "म्यान?"

"म्यान कसलं, मामा? गोनपाटात गुंडाळा."

"म्हंजे पोरगी नेसत्या वस्त्रानिशी?"

बाई अस्सल बाजारातली. तिनं हातावर टाळी मारली. "मामा, सुरी न्यायची का सून न्यायची, आदी ठरवा! गिऱ्हाईक खोळंबलंय!" भोवतीची माणसं फिदीफिदी हसली. इंदू तर पदर तोंडात कोंबून मागं पळाली. दादा शांतपणे म्हणाले, "पान्याकडंला ऱ्हायचंय तिला. साधं पोलाद, दमट हवा. गंजली म्हंजे? कळवतो." आणि हात जोडून उठले.

दुसरं स्थळ पुण्यात. दुकान झकपक, काचेच्या कपाटात सुऱ्यांची आरास. तिथल्या तरुण विक्रेत्यानं दादांना 'अंकल' म्हणून एक भलीमोठी सुरी पुढं ठेवली. पाठीला करवतीचे दात, मुठीच्या बुडाला होकायंत्र. बूड फिरवलं की मूठ उघडायची आणि आतून काड्या, दोरा, माशाचा गळ असं काय काय बाहेर पडायचं. "अंकल, एवढ्यावर माणूस जंगलात आठवडा काढू शकतो."

दादांनी गळ बघितला, दोरा बघितला. "आहेर लई दिलाय," ते माझ्या कानात म्हणाले. "आहेर लई असला की समजायचं, पोरीत कायतरी खोट हाय." मग त्यांनी पोकळ मुठीत बोट घालून बघितलं. "मूठ सगळी पोकळ. मंग पातं आत कुठवर गेलंय? पातं मुठीच्या शेवटापत्तर गेलं पायजे. निम्म्यात संपलं की जोर दिला की मोडतं."

हे ज्ञान मोबाईलवरचं. गेले कित्येक दिवस दादा रोज दुपारी एका गोऱ्या दाढीवाल्याचे व्हिडिओ बघत होते. तो बर्फात बसून लाकडं फोडतो. "इंग्रजी समजतं का हो?" असं मी विचारलं होतं. "बोलतो ते कळत न्हाई, बाई. पन पसंत पडली न्हाई की मान हालवतो. तेवढं पुरतं."

विक्रेत्यानं दात दाखवले, म्हणजे सुरीचे. "अंकल, मागच्या बाजूनं लाकूडही कापता येतं."

"म्हंजे फुडनं बी चावती आन् मागनं बी चावती," दादा म्हणाले. "लेकुरवाळ्या घरात अशी चालत न्हाई. कळवतो." ह्या घरात लेकरू कुठलं, हे विचारायची सोयच नव्हती. येताना एसटीत मी त्यांच्याशी बोलले नाही.

मग कुरियरनं स्थळं यायला लागली. इंदूनं मोबाईलवरून सुऱ्या मागवायच्या, दादांनी अंगणात त्यांची परीक्षा घ्यायची आणि परत पाठवायच्या. कुरियरवाला सुद्धा थांबून बघायला लागला. गल्लीतल्या बायका कामं टाकून ओट्यावर बसायच्या. आधी टोमॅटो. मग नारळाचा सुंभ. मग सुरी बांबूच्या कांबीवर ठेवून पाठीवर लाकडानं दणके. मग हाताला तेल चोळून मूठ धरायची आणि गोल फिरवायची, निसटते का बघायला. त्या वेळी सगळ्या बायका ओट्यावरून उठून दाराआड जायच्या. शेवटी पात्याला मीठ-लिंबू चोळून रात्रभर ठेवायचं.

सकाळी भिंतीपलीकडून आवाज यायचा, "इंदे, डाग पडलाय." एका सुरीला डाग पडला नाही, तर दादा म्हणाले पात्यावर कंपनीचं नाव फार मोठं कोरलंय, गर्विष्ठ वाटते. एकीची मूठ हिरवी होती, "रानात पडली तर गवतात घावायची न्हाई." हे मला पटलं, पण मी तसं दाखवलं नाही.

शेवटी बुधवारी एक आली आणि सगळ्या परीक्षांत पास झाली. दिसायला साधीच. न गंजणारं पातं, पकड बसावी म्हणून मुठीला काळं रबर, किंमत इंदूच्या अटीत बसणारी. टोमॅटो झाला, सुंभ झाला, बांबू झाला. मीठ-लिंबूवाला गुरुवार उजाडला तरी पातं आरशासारखं लख्ख. ओट्यावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. इंदू सगळ्यांसाठी चहा घेऊन बाहेर आली. मीही मनात म्हटलं, चला, सुटलो.

दादा सुरी म्यानात घालत होते, काढत होते, पुन्हा घालत होते.

"म्यान जरा सैल हाय," ते म्हणाले. "म्यान म्हंजे पात्याचं सासर, बाई. पातं किती बी सोन्यासारकं असू द्या, सासर जर वंगाळ निघालं..."

आणि तिथंच थांबले. इंदू ट्रे घेऊन समोर उभी होती. ओट्यावरच्या बायकांनी माना खाली घातल्या. दादांनी सुरी म्यानासकट खोक्यात ठेवली, खोकं माझ्या हातात दिलं आणि "परत करा" म्हणून आत निघून गेले.

काय झालं होतं ते भोरात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं सांगते ती काही चुगली नव्हे. वडील लवकर गेले, इंदूचं लग्न दादांनीच ठरवलं. घाटापलीकडचं स्थळ. मुलगा उंचापुरा, दारात मोटरसायकल, घरावर नवे पत्रे. बघायला आले, चहा झाला आणि कप खाली ठेवायच्या आत दादांनी शब्द दिला. तो माणूस हात उचलणारा निघाला. इंदूनं कळवलं नाही, सोसत राहिली. एके दिवशी भरदुपारी दादांनी माइकवरून एक गाडी पुकारली, आणि त्या गाडीतून ओठ फुटलेली इंदू एक पिशवी घेऊन उतरली. दादा खुर्चीवरून उठले, तिची पिशवी घेतली आणि तिला घरी घेऊन आले. माइक चालूच राहिला. स्टँडवरच्या लोकांना बराच वेळ नुसती घरघर ऐकू येत होती, असं सांगतात. नंतर भावकी आली, 'बाईमाणसानं नांदावं' म्हणाली. दादांनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

हे सगळं मला ठाऊक, तरी त्या गुरुवारी माझं डोकं फिरलं होतं. दोन दिवसांवर पाहुणे, आणि ह्यांचं हे असं. मी खोकं घेऊन तडक आत गेले. दादा माजघरात भिंतीला टेकून बसले होते.

"दादा, आता खरं सांगा," मी म्हटलं. "तुम्हाला सुरी नकोय असं नाही. तुम्हाला इंदूनं जायलाच नकोय. म्हणून ही सगळी खुसपटं. त्या पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी मांडलंय, आणि तुम्ही म्यान सैल म्हणून बसलाय! लाज नाही वाटत?"

दादा चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "जाऊ द्या की तिला, बाई. म्या का आडवतो? सुरी बी चांगलीच हाय. फकस्त म्या निवडलेली नगं."

"म्हणजे?"

"म्या एकदा निवडलं. चा संपायच्या आत व्हय म्हनलो. पोरीनं त्याचं मोल भरलं. तवाधरनं तोंडातनं व्हय निघतच न्हाई, बाई. बादलीला बी निघत न्हाई. लोक हसत्यात. हसू द्या. पन उद्या म्या दिलेल्या सुरीनं तिला इजा झाली, तर म्या कुठं तोंड दाखवू?"

मी खोकं त्यांच्याजवळ ठेवून निघाले, मग पुन्हा आत जाऊन उचलून घेतलं. ती सुरी परत पाठवायची नाही, एवढं मी ठरवून टाकलं.

माझ्या पोटात काही राहत नाही. त्याच संध्याकाळी भिंतीवरून वाकून मी सगळं इंदूला सांगितलं. ती एरवी कशावरही हसणारी, ती हसली नाही. "मला वाटायचं, दादा मला अजून ल्हान समजतो," ती म्हणाली. बराच वेळ तारेवरची लुगडी उगीच सारखी करत राहिली. मग एकदम म्हणाली, "बाई, ती सुरी तुमच्याकडंच ठेवा. आन् शनवारी तुमी बी चला."

शनिवारी सकाळी टेम्पोत भांडी, तांदूळ, कोंबड्या आणि आम्ही तिघं असे निघालो. दादांनी आधीच बजावून ठेवलं होतं, सैपाक करून पाहुण्यांना वाढायचं आणि सांजच्या गाडीनं माघारी. "आन् पाव्हन्यांला काय सांगू? रातचं तुमचं तुमी बगा म्हनू?" इंदू म्हणाली. दादा खिडकीबाहेर बघत राहिले. वेल्हं मागं पडलं, पाणी दिसायला लागलं.

तंबूंपाशी पोचलो. तानूबाईनं चूल पेटवली होती. इंदूनं सामान उतरवलं आणि मग चुलीपासून दूर, करंजाच्या सावलीत एक पोतं अंथरलं. त्यावर दोन सुऱ्या ठेवल्या. एक ती रबरी मुठीची. दुसरी भोरच्याच एका हार्डवेअरच्या दुकानातली, ती इंदूनं शुक्रवारी गुपचूप आणली होती. ही दिसायला फार देखणी, शिसवी मूठ, पितळेचे रिवीट. दोन्ही मिळून तंबूच्या एका रात्रीच्या भाड्यात बसल्या होत्या.

"दादा," ती म्हणाली, "हितं बस. ह्यातली एक मला दे. तू देशील ती म्या घेनार."

"म्या न्हाई."

"तर म्या बिनसुरीची ऱ्हाते. पन हितंच ऱ्हाते. माघारी येनार न्हाई."

दादांनी माझ्याकडं बघितलं. मी करंजाकडं बघितलं.

"इंदे, चुकली म्हंजे?"

"चुकली तर बदलू. सुरीच हाय."

"तवा बी मला असंच वाटलं व्हतं," दादा म्हणाले. "एका कपात म्या तुजं वाटुळं केलं."

इंदू त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. "ए दादा, तू एकट्यानंच बगितलं व्हतं व्हय त्याला? म्या दाराच्या फटीतनं बगत व्हते. मला बी आवाडला व्हता तो. लई आवाडला व्हता! तू न्हाई म्हनला असतास ना, तर म्या आठ दिस जेवले नसते."

दादांनी चष्मा काढला. "हे तू कदी सांगितलं न्हाईस."

"तू कदी इचारलंस? परत आल्यापासनं तू लग्नाचं नावच घेतलं न्हाईस माझ्यापुढं. नुसत्या बादल्या बगत हिंडलास." आणि तिला हसू आलं. "आन् खरं सांगू का, मोटारसायकल बी चांगली व्हती रं."

दादांच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. मला वाटलं रडतायत. ते हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि चष्मा सापडत नव्हता. तानूबाई चुलीपासून ओरडली, "काय झालं वं?" मी म्हटलं, "काही नाही, धूर गेला डोळ्यांत." चूल तिच्याजवळ होती, आमच्याजवळ नव्हती. माझेही डोळे गळत होते, सांगायला कसली लाज!

मग दादांनी नाक पुसलं, चष्मा लावला आणि बघायला बसले. पण ह्या वेळी टोमॅटो नाही, सुंभ नाही. देखणी सुरी हातात घेतली, मूठ दाबली. "एक रिवीट वर आलाय, टोचतो," ते म्हणाले आणि ती बाजूला ठेवली. रबरी मुठीची घेतली. म्यानातून काढली, पुन्हा घातली. म्यानाचा पट्टा एक घर आवळला. आणि म्हणाले, "ही."

एवढंच. मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून होकार ऐकला. मला टाळी वाजवावीशी वाटली, पण हातांत कोथिंबीर होती.

इंदूनं हात पुढं केला. दादांनी सुरी तिच्या हातात दिली नाही, पोत्यावर तिच्यापुढं ठेवली. धारेची वस्तू हातात देऊ नये, देणाऱ्याघेणाऱ्यात भांडण होतं. इंदूनं ती उचलली, कपाळाला लावली आणि कंबरेला खोचली. मग उठून पहिल्या तंबूचा लांब राहिलेला दोर एका झटक्यात कापला. "अगं बया, लोनीच की!" ती म्हणाली.

पाहुणे आले तेव्हा दादांना उधाण आलं होतं. बांधावर उभे राहून त्यांनी स्टँडवरचा आवाज लावला, "पुन्याहून आलेल्या मंडळींनी चपला भाईर काढून तंबू क्रमांक दोनकडं जावं. चा फलाटावर लागलेला हाय!" ती ऑफिसातली माणसं इतकी खूश झाली, की त्यांनी पुन्हा पुकारायला लावलं आणि मोबाईलवर घेतलं. इंदू सुरीनं जळणाच्या ढलप्या काढत होती आणि तिचं हसू पाण्यापलीकडं जात होतं. कमरेला सुरी लावलेल्या बाईबरोबर सगळ्यांना फोटो हवे होते. दादा निघताना तिला 'जपून' एवढंही म्हणाले नाहीत. मला तर वाटतं, म्हणायची गरजच राहिली नव्हती.

सांजच्या गाडीनं आम्ही दोघंच परत निघालो. दादा खिडकीशी बसले. वेल्हं गेल्यावर त्यांनी पिशवीत हात घातला आणि ती पितळी रिवीटांची सुरी काढली. कागदात गुंडाळलेली.

"अहो, ही कशाला आणलीत? सोमवारी दुकानात परत करून टाकते मी," मी म्हटलं.

"नगं, बाई. ठेवतो."

"पण रिवीट टोचतो ना तिचा? तुम्हीच म्हणालात."

"टोचतो की," दादा म्हणाले. त्यांनी मूठ हातात घेऊन बघितली. "पन आता भाजी मलाच चिरायचीय न्हवं? माझ्यापुरती चालंल."

इंदू तिकडं असेल तेव्हा भिंतीपलीकडं सकाळी चहा फलाटावर कोण लावणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हटलं, "दादा, आज आमच्याकडं जेवायला या. आमटी-भात केलाय ह्यांनी."

"आज नगं," ते म्हणाले आणि सुरी पुन्हा नीट कागदात गुंडाळायला लागले. "आज जरा कांदा चिरून बगतो."